पारफोकल सिने झूम मिररलेसवर: टेलीला शार्प, वाइडला सॉफ्ट का?

वाइडटोक (प्रश्न)

सोनी ए७एस ३ वर (फुल-फ्रेम बॉडी) सुपर ३५ साठीचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरसाठीचा, पीएल माउंटचा (सिने लेन्सची जोडणी) एक सिने झूम लावला आहे. २० ते ६० एमएम, टी२.९ (टी म्हणजे लेन्समधून खरोखर येणाऱ्या उजेडावरून काढलेला एफ-आकडा), वजन दीड किलोच्या वर. मध्ये पीएल ते ई अ‍ॅडॉप्टर. काम रंगमंचावरच्या प्रयोगांचं आणि मुलाखतींचं, म्हणजे चालू शॉटमध्ये झूम लागतोच. म्हणूनच पारफोकल, म्हणजे झूम केला तरी फोकस न सुटणारी, लेन्स घेतली. पण:

१. ६० ला (टेली) फोकस लावून २० ला (वाइड) आलं की फोकस सुटतो. तोही सारखा सुटत नाही. बाहेर उजेडात किंचित सॉफ्ट, आत चाचणी घेतली तर अगदी धूसर.

२. २० पासून साधारण ४५ पर्यंत कोपरे काळे. आणि ४के मध्ये एपीएस-सी मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा क्रॉप) चालूच करता येत नाही.

३. कॅमेरा हातात असताना वाइडला चित्र हाताच्या उलट दिशेने हिसके देतं. टेलीला हे होत नाही.

४. फोकस रिंग जोरात फिरवली की अ‍ॅडॉप्टरपाशी लेन्स डुगडुगते.

लेन्समध्ये दोष आहे की जुळणीत? आणि या कामाला सिने झूमच हवा, की फोटोचा एफ२.८ झूम पुरेल?

---

शिम_०२

मुद्दा १ बद्दल. लेन्स पारफोकल असते ती एका अटीवर: माउंटच्या पत्र्यापासून सेन्सर नेमका ठरलेल्या अंतरावर हवा. पीएलला हे अंतर ५२ एमएम, ई माउंटला १८, म्हणून तुमचा अ‍ॅडॉप्टर ३४ एमएम जाड हवा. (कॅननची ईएफ लेन्स असती तर ४४ वजा १८, म्हणजे २६. बॉडी दुसरी असेल तर कॅनन आरएफ आणि एल माउंटला १८ च्या जागी २० धरा, निकॉन झेडला १६.) बॉडीतली चूक, अ‍ॅडॉप्टरमधली चूक आणि लेन्समधली चूक यांची बेरीज शेवटी सेन्सरवर दिसते.

फोटोच्या लेन्सला ही चूक टोचत नाही. कितीतरी अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे अनंतावर फोकस हमखास लागतो. रिंग अनंताच्या खुणेच्या जरा अलीकडे थांबवावी लागते, एवढंच. झूमला मात्र हाच पातळपणा मारक ठरतो. टेलीला फोकस लावताना तुम्ही अंतरातली चूकही नकळत रिंगने भरून काढता. पण रिंगच्या तेवढ्याच फिरण्याचा सेन्सरपाशी होणारा परिणाम फोकल लेंग्थच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ६० ला जेवढा, त्याचा फक्त नववा हिस्सा २० ला. टेलीला झाकलेली चूक वाइडला येताच जवळपास पूर्ण उघडी पडते.

उदाहरणार्थ, अंतर ०.०५ एमएमने जास्त आहे, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढं. रिंग अनंतावर ठेवली तर ६० एमएमला लेन्स ७२ मीटरवर फोकस करेल, ते कुणाला कळणारही नाही. २० एमएमला तीच लेन्स ८ मीटरवर फोकस करेल. हिशोब सोपा आहे, फोकल लेंग्थचा वर्ग भागिले चूक: ४०० भागिले ०.०५ म्हणजे ८००० एमएम.

टी२.९ ला सेन्सरच्या पुढे-मागे जेमतेम ०.०४ एमएमची सवलत मिळते, टी८ ला ०.१२ ची. म्हणून चाचणी नेहमी लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच घ्यायची. उजेड कमी करा, शटर वाढवा, पण आयरिस (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बंद करू नका.

चाचणी अशी: ताऱ्यासारखा, मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चार्ट ४ मीटरवर लावा. अंतर पुढच्या काचेपासून नाही, बॉडीवर वर्तुळातून गेलेली आडवी रेघ असते तिथून मोजा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, चित्र मोठं करून बघा. टेलीला फोकस लावा आणि रिंगवरची खूण लिहून ठेवा. रिंगला हात न लावता वाइडला या. चित्र सॉफ्ट असेल तर आता रिंग फिरवून शार्प करा. जवळच्या आकड्यांकडे फिरवावी लागली तर अंतर कमी पडतंय, शिम (अंतर वाढवणारी पातळ चकती) घालायची. अनंताकडे फिरवावी लागली तर अंतर जास्त आहे, शिम काढायची.

आत-बाहेरचा फरक मात्र या हिशोबात बसत नाही. तापमानाने अंतर बदलतं खरं, पण ३४ एमएमचा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॉप्टर २० अंशांच्या फरकाने ०.०१६ एमएमच वाढतो. त्याने ‘अगदी धूसर’ होणार नाही. अ‍ॅडॉप्टरच्या आत काही काच आहे का? फिल्टर वगैरे?

---

कोपरा

मुद्दा २. इथे लेन्सही निर्दोष आहे आणि कॅमेराही. दोघांची जोडी चुकली आहे.

सोनीच्या एपीएस-सी सेन्सरचं माप २३.५ × १५.६ एमएम, कर्ण सुमारे २८ एमएम. सुपर ३५ ची लेन्स साधारण एवढंच वर्तुळ भरायचं काम घेऊन बनते. फुल-फ्रेमवर १६:९ चौकट ३६ × २०.२५, कर्ण ४१ एमएम. मधल्या फोकल लेंग्थपासून टेलीकडे लेन्सचं वर्तुळ बरेचदा मोठं होतं, म्हणून ४५ च्या पुढे तुम्हाला काळे कोपरे दिसत नाहीत. ते ‘चालतं’ असं समजू नका. लेन्स बनवणाऱ्याने त्या भागाची हमी घेतलेली नसते, कडा नीट तपासल्या तर तिथे रंगाची झालर दिसेल.

४के मध्ये क्रॉप का मिळत नाही? ए७एस ३ च्या सेन्सरवर आडवे ४२४० पिक्सेल. दीडने भागले तर २८२७ उरतात, आणि ४के ला ३८४० लागतात. पिक्सेलच नाहीत, म्हणून कॅमेरा तो मोड फक्त एचडीमध्ये देतो. ४के मध्ये क्लिअर इमेज झूम (सोनीचा डिजिटल झूम) १.५ पटीपर्यंत जातो, तो लावला की चौकट सुपर ३५ एवढी होते आणि काळे कोपरे जातात. चित्र वाढवलेलंच असतं, पण चेहऱ्यांच्या मुलाखतीत सहसा खपून जातं. बारीक नक्षीचे कपडे किंवा मागे अक्षरांचा फलक असेल तर कळतं.

याच कारणाने सुपर ३५ च्या लेन्ससाठी जास्त पिक्सेलवाली बॉडी बरी. ए७ ४ वर ७००८ भागिले १.५ म्हणजे ४६७२, ल्युमिक्स एस५ २ वर ६००० भागिले १.५ म्हणजे ४०००. दोन्हींवर क्रॉपमध्येही खरं ४के निघतं. या दोन्ही बॉडींवर ५०/६० फ्रेमचं ४के क्रॉपमध्येच मिळतं, त्याबद्दल लोक कुरकुरतात, पण लेन्सच सुपर ३५ ची असेल तर त्यात तुमचं काहीच जात नाही. एफएक्स३० चा तर सेन्सरच या मापाचा आहे.

लेन्सचं वर्तुळ मोठं करणारा एक्स्पांडर हा दुसरा मार्ग. १.४ पटीचा एक्स्पांडर एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) खातो, टी२.९ ची लेन्स टी४ होते, आणि तुमची २०-६० ही २८-८४ होते. पण बॅक फोकस (लेन्स ते सेन्सर अंतराची जुळणी) आधीच जागेवर नसताना मध्ये आणखी एक ऑप्टिकल तुकडा घालू नका.

---

रॉडवाला

३ आणि ४.

उलटे हिसके: तुमच्या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ कळत नाही. स्टेडीशॉटच्या (सोनीचं स्थिरीकरण) मेनूत ती हाताने भरावी लागते. तिथे बहुधा ६० किंवा त्याच्या आसपासचा आकडा आहे. कॅमेरा अमुक अंशाने हलला की चित्र सेन्सरवर किती सरकेल, हे फोकल लेंग्थवर ठरतं. ६० भरलेलं असताना लेन्स २० वर असेल तर कॅमेरा गरजेच्या तिप्पट सेन्सर सरकवतो, म्हणून चित्र उलट पळतं. २० भरा. मग टेलीला स्थिरीकरण कमी पडेल, पण कमी पडलेलं दिसत नाही, जास्त झालेलं दिसतं. ट्रायपॉडवर सरळ बंद. शिवाय सुपर ३५ च्या वर्तुळात सेन्सरला सरकायला फारशी जागा नसते. क्रॉप लावूनही वाइडला कोपरे अधूनमधून काळे चमकत असतील तर कारण हेच.

डुगडुगणं: ई माउंटच्या बायोनेटला आतल्या पात्या स्प्रिंगसारख्या दाबून धरतात. दीड किलोची लेन्स ३४ एमएमच्या अ‍ॅडॉप्टरवर लांब टांगली की त्या पात्या दबतात. आणि माउंट शतांश एमएमने जरी तिरकं झालं तरी शिम_०२ वर सांगतायत तो सगळा हिशोब कोसळतो. म्हणून चाचणीआधी आधार लावा, नंतर नाही.

बेसप्लेट आणि १५ एमएमचे दोन रॉड. हलक्या पद्धतीत रॉडांच्या मध्यांमधलं अंतर ६० एमएम आणि लेन्सच्या अक्षापासून खाली ८५ एमएम असतं. बेसप्लेटची उंची या ८५ शी जुळली नाही तर आधार, फॉलो फोकस (फोकस रिंग फिरवणारं चाक), मॅट बॉक्स (लेन्सपुढची फिल्टर धरणारी चौकट) काहीच जागेवर बसत नाही. लेन्सचा आधार खालून फक्त टेकला पाहिजे. स्क्रू फिरवत चला, आधार लेन्सला लागला की थांबा. वर रेटला की लेन्स माउंटवर वाकते आणि चौकटीचा वरचा भाग शार्प, खालचा सॉफ्ट, असं काहीतरी सुरू होतं. अ‍ॅडॉप्टरला स्वतःचा पाय असेल तर तोही बेसप्लेटला बांधा. डुगडुगणं खरं तिथेच थांबतं.

फॉलो फोकस किंवा मोटर लावणार असाल तर रिंगवरचा गिअर ०.८ मापाच्या दात्यांचा आहे का ते बघा, सिने लेन्सवर सहसा तोच असतो. मोटर गिअरवर घट्ट दाबून बसवू नका. दाब सगळा माउंटवर जातो.

---

वाइडटोक

मनापासून आभार. आधार लावून, स्टॅबिलायझेशन बंद करून चाचणी घेतली. चार्ट ४ मीटरवर. टेलीला शार्प झाला, पण रिंगवर खूण १५ मीटरच्या जवळ आली. वाइडला धूसर. रिंग अनंताकडे फिरवत गेलो, शेवटच्या थांब्यापर्यंत, तरी शार्प झालाच नाही. खिडकीतून ६० ला दूरचं झाडही कधी शार्प होत नाही.

आणि हो, अ‍ॅडॉप्टरमध्ये सरकवायचा व्हेरिएबल एनडी (उजेड कमी-जास्त कापणारा गडद फिल्टर) आहे. आत उजेड कमी म्हणून तो काढून ठेवला होता. जागा रिकामी होती.

---

शिम_०२

कोडं सुटलं. रिकामी जागा हेच कारण.

लेन्सच्या मागे, सेन्सरकडे येणाऱ्या किरणांच्या वाटेत काच ठेवली की फोकस मागे सरकतो, काचेच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश. २ एमएमची काच ०.६७ एमएमने. असा अ‍ॅडॉप्टर बनवणारा काच धरूनच जाडी ठरवतो. काच काढली की अंतर एकदम तेवढ्याने जास्त होतं. ०.०५ ने काय होतं ते वर पाहिलं, इथे त्याच्या तेरापट.

तुमचे आकडे याच्याशी जुळतात. ०.६७ जास्त असेल तर ६० ला रिंग अनंतावर ठेवूनही लेन्स ३६०० भागिले ०.६७, म्हणजे सुमारे ५.४ मीटरच्या पलीकडे फोकस करू शकत नाही. म्हणून झाड शार्प होत नाही. चार्ट ४ मीटरवर, त्या हद्दीच्या थोडा आत, म्हणून तो शार्प होतो पण खूण १५ मीटरची दाखवते. २० ला हद्द ०.६ मीटर. तिथे ४ मीटरवरचा चार्ट रिंगने कधीच मिळणार नाही. एनडीच्या काचा नेमक्या २ एमएम आहेत असं मी म्हणत नाही, पण चूक याच मापाची आहे.

उपाय: एनडी नको तेव्हा जागा रिकामी ठेवायची नाही, तिथे त्याच जाडीची साधी पारदर्शक काच घालायची. असे अ‍ॅडॉप्टर बहुतेक वेळा तिच्यासह मिळतात, डब्यात बघा. नसेल तर त्याच बनावटीची घ्या. दुसऱ्याची ‘साधारण तेवढीच’ काच चालणार नाही, कारण जाडीतला ०.१५ एमएमचा फरकही ०.०५ ची चूक करतो. लेन्सच्या पुढे लावलेल्या फिल्टरने असं काही होत नाही, तिथे हवा तेवढा जाड लावा.

काच घालून तीच चाचणी पुन्हा घ्या. बाहेर एनडी असतानाही किंचित सॉफ्ट होतं म्हणालात, ती चूक वेगळी आहे आणि ती आता दिसेल.

---

दहाबिट

एनडीचा विषय निघालाच आहे तर. एस-लॉग३ (नंतर रंग सुधारण्यासाठीचं सोनीचं फिकट रेकॉर्डिंग) मध्ये ए७एस ३ चा पाया आयएसओ ६४०. कडक उन्हात तो एफ१६ आणि १/६४० शटर मागतो. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं तर पावणेचार स्टॉप जास्त उजेड आत येतो, आणि टी२.९ पर्यंत उघडायचं तर आणखी पाच. म्हणजे जवळपास पावणेनऊ स्टॉप कापायचे. अनेक व्हेरिएबल एनडी पाच-सहा स्टॉपपर्यंतच नीट काम करतात, पुढे वाइडला चौकटीवर फुलीसारखा काळसर डाग येतो. त्यामुळे उन्हात टी८ ला चित्रीकरण करा किंवा पुढे मॅट बॉक्समध्ये ठरावीक एनडी घालून उरलेलं व्हेरिएबलने कापा. सहा स्टॉपच्या पुढे इन्फ्रारेडही कापणारा एनडी घ्या, नाहीतर काळे कपडे तपकिरी दिसतात.

कार्डांबद्दल थोडक्यात: एक्सएव्हीसी एस-आय (कॅमेऱ्यातला रेकॉर्डिंगचा प्रकार), ४के २५ फ्रेम म्हणजे सेकंदाला २५० मेगाबिट, तासाला सुमारे ११२ जीबी. व्ही३० वेग-वर्गाचं कार्ड सेकंदाला २४० मेगाबिटची हमी देतं, ते अपुरं. व्ही६० पासून पुढे बघा.

---

जुनीलेन्स

विषय थोडा बाजूला जातो, पण टीव्हीच्या कामाची २/३ इंची बी४ माउंटची झूम लेन्स असेल तर ती या कॅमेऱ्यांवर चालेल का? त्या तर पक्क्या पारफोकल असतात आणि मोटरसकट येतात.

---

कोपरा

फुल-फ्रेमवर नाही. तिचं वर्तुळ ११ एमएमचं. लेन्समधला दुप्पट एक्स्टेंडर लावला तर २२ एमएम, आणि दोन स्टॉप जातात. मायक्रो फोर थर्ड्सच्या १६:९ चौकटीचा कर्ण २० एमएमच्या आसपास, तिथे ती कशीबशी बसते. शिवाय या लेन्स तीन चिपांच्या कॅमेऱ्यातला काचेचा प्रिझम धरून बनवलेल्या असतात. त्या प्रिझमची उणीव भरून काढणारी काच अ‍ॅडॉप्टरमध्ये नसेल तर पूर्ण उघड्या आयरिसला सगळ्या कडांना रंग सुटतो.

---

वाइडटोक

पारदर्शक काच डब्यातच होती. ती घालून चार्ट ३ मीटरवर ठेवला. टेलीला शार्प, खूण २.९ मीटर. वाइडला किंचित सॉफ्ट, रिंग जवळच्या बाजूला फिरवल्यावर २.२ मीटरच्या खुणेवर शार्प. म्हणजे अंतर कमी, शिम घालायची, हे समजलं. पण किती जाडीची? आणि लेन्सच्या माउंटखाली की अ‍ॅडॉप्टरमध्ये?

फोटोच्या झूमचा प्रश्नही अजून तसाच आहे.

---

शिम_०२

फोकल लेंग्थचा वर्ग × (१ भागिले रिंगवरची खूण वजा १ भागिले खरं अंतर), सगळं एमएममध्ये. ४०० × (१/२२०० − १/३०००) = ०.०४८. म्हणजे ०.०५ ची शिम. टेलीची खूणही याला दुजोरा देते, तेवढ्या चुकीला ६० एमएमवर ३ मीटरच्या जागी २.८८ दिसायला हवं आणि तुम्हाला २.९ दिसलं. सूत्र ढोबळ आहे, अंतर खरं तर लेन्सच्या आतल्या एका बिंदूपासून मोजायला हवं. त्यामुळे ०.०५ घालून पुन्हा तपासा आणि ०.०१-०.०२ ने पुढे-मागे करा.

शिम अ‍ॅडॉप्टरमध्ये घाला. कॅमेऱ्याकडच्या धातूच्या रिंगचे स्क्रू काढले की रिंग आणि नळी यांच्यामध्ये शिम बसते. लेन्सच्या माउंटला हात लावू नका. लेन्स ५२ वर बरोबर असेल तर ती उद्या दुसऱ्या कॅमेऱ्यावरही बरोबर राहील.

जागा पुसून घ्या, धुळीचा एक कणसुद्धा ०.०२ एमएमचा असू शकतो. शिमला सुरकुती पडली असेल तर ती वापरू नका. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर रिंग तिरकी बसते. स्क्रूड्रायव्हर नेमक्या मापाचाच घ्या, डोकं खरवडलं तर पुढच्या वेळी रिंग निघणार नाही. शेवटी चार्ट चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कडेला ठेवून वाइडला बघा. एक बाजू शार्प आणि दुसरी सॉफ्ट असेल तर रिंग तिरकी आहे, जाडी बदलून ते सुधारणार नाही.

---

रॉडवाला

अ‍ॅडॉप्टरमध्ये शिम घाला याला एक पुरवणी. आधी लेन्स खरंच ५२ वर आहे का ते कळायला हवं. लेन्स आधी कुणी दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी शिम घालून वापरली असेल तर चूक लेन्समध्येच असू शकते. जमलं तर एक दुसरी पीएल लेन्स, साधी वाइड प्राइम चालेल, त्याच अ‍ॅडॉप्टरवर लावा. तीही तेवढीच चुकत असेल तर अ‍ॅडॉप्टर आणि बॉडी, नसेल तर लेन्स. कॅमेऱ्याशिवाय लेन्स थेट कॉलिमेटरवर (लेन्सचं अंतर तपासायचं यंत्र) तपासली तर हा संशय एका मिनिटात फिटतो.

---

शिम_०२

बरोबर, हे आधी सांगायला हवं होतं. शिम घालण्यापूर्वी ही तपासणी करा.

---

कोपरा

आता फोटोच्या झूमचं. स्थिर चित्रात झूम करून मग फोकस लावला तरी चालतं, म्हणून त्या लेन्समध्ये पारफोकल राहण्याचा भार सोडून दिला आणि त्या हलक्या, लहान, कडेपर्यंत तीक्ष्ण झाल्या. त्यामुळे एफ२.८ कायम असणारा झूमही झूम करताना फोकस सोडू शकतो. नव्या लेन्समध्ये मोटर हा फरक मागोमाग भरून काढते. सावकाश झूमला ते कळत नाही, जोरात झूम केला की क्षणभर चित्र धूसर होऊन परत येतं. झूम करताना मध्यबिंदू सरकतो, तेही असतंच. फोकस बदलताना चौकट लहान-मोठी होणं सोनीच्या नव्या बॉडी सुधारतात, पण ठरावीक लेन्सवर आणि थोडा क्रॉप घेऊन.

मुलाखतीत शॉट चालू असताना झूम क्वचितच होतो. तिथे फोटोचा एफ२.८ झूम पुरेल आणि ऑटोफोकसही मिळेल.

मंचासाठी ए७एस ३ वर मी सोनीचा एफई पीझेड २८-१३५ एफ४ निवडेन. २०१४ ची लेन्स आहे, सव्वा किलोच्या जवळपास, पण फुल-फ्रेम भरते, झूमला मोटर आहे, ऑटोफोकस आहे आणि मध्ये अ‍ॅडॉप्टर नाही. एफ४ ने एक स्टॉप जातो, पण या बॉडीचा एस-लॉग३ मधला दुसरा पाया आयएसओ १२८०० आहे, त्यात तो स्टॉप सहज भरून निघतो. मोटरच्या झूमवर एकदम झपकन झूम मात्र होत नाही.

हातानेच झूम-फोकस करायचा तर ई माउंटमध्येच येणारे सिने झूम बघा. फुजिनॉनचे एमके १८-५५ आणि ५०-१३५, दोन्ही टी२.९, प्रत्येकी ९८० ग्रॅम. ते सुपर ३५ चे आहेत, म्हणजे या बॉडीवर क्रॉपची अडचण तशीच. पण बॅक फोकसची रिंग लेन्सवरच आहे: टेलीला फोकस रिंगने शार्प करा, वाइडला बॅक फोकसच्या रिंगने, आणि काही बदलेनासं होईपर्यंत दोन-तीनदा हेच करा. शिमची भानगड नाही. फुल-फ्रेम भरणारे हवे तर डीझेडओफिल्मचे कॅटा, ३५-८० आणि ७०-१३५, दोन्ही टी२.९. या दोन्हींत वाइड मात्र ३५ लाच संपतं, छोट्या मंचावर पूर्ण दृश्य घ्यायला मागे सरकायला जागा लागेल.

असलेली लेन्स ठेवायची असेल तर बॉडी बदलणं हाच नीट मार्ग. एफएक्स३० वर ती पूर्ण वापरात येईल आणि क्लिअर इमेज झूमचीही गरज उरणार नाही.

---

वाइडटोक

एका २५ एमएम पीएल प्राइमवर तपासलं. तीही त्याच बाजूला आणि जवळपास तेवढीच चुकते, म्हणजे लेन्स ठीक आहे. अ‍ॅडॉप्टरमध्ये ०.०५ ची शिम घातली. आता ३ मीटरवर टेलीला खूण ३ वर येते आणि वाइडला टी२.९ ला चार्ट शार्प राहतो. डाव्या-उजव्या कडेत फरक नाही. स्टेडीशॉटमध्ये ६० च भरलेलं होतं, २० केल्यावर हिसके गेले. एफएक्स३० चा विचार पक्का करतो आहे. मग हीच शिम त्यावर चालेल ना?

---

शिम_०२

तशीच चालेल असं धरू नका. फोटोच्या बॉडींमध्ये सेन्सरचं अंतर एकसारखं नसतं, ऑटोफोकसला त्याने फरक पडत नसल्यामुळे तिथे सिने कॅमेऱ्याइतकी काटेकोर जुळणी सहसा होत नाही. एफएक्स३० आली की पारदर्शक काच घालून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्या. दोन्ही बॉडी वापरणार असाल तर दोन अ‍ॅडॉप्टर ठेवा, प्रत्येकात त्या-त्या बॉडीची शिम, आणि अ‍ॅडॉप्टरवर बॉडीचं नाव व आतल्या शिमची जाडी लिहिलेली पट्टी चिकटवा. एनडी आणि पारदर्शक काचेची जोडीही त्याच अ‍ॅडॉप्टरसोबत ठेवा, एकमेकांत मिसळू देऊ नका.